भूविज्ञान विभागासाठी स्थळ

सातारा
५ फेब्रुवारी २०२५

प्रिय रुबीना,

फोनवर बोलता आलं असतं, पण माझ्या केबिनच्या प्लायवुडपलीकडे भूगोल विभाग बसतो आणि त्यांचे कान तिखट आहेत. शिवाय यवतमाळचं वसतिगृह सोडल्यापासून आपण पत्रंच लिहीत आलो. आता या वयात सवय कशाला मोडायची?

काम सांगते. आमच्या सह्यगिरी विद्यापीठाच्या भूविज्ञान विभागाला दोन वर्षं विभागप्रमुख नाही. मी प्रभारी आहे, म्हणजे सह्या माझ्या आणि अधिकार कुणाचाच नाही. सात जणांचे आम्ही तिघं उरलो. कुलगुरूंनी स्पष्ट सांगितलं आहे की जुलैत नवं सत्र सुरू होताना खुर्चीत कायमचा माणूस नसेल, तर विभाग भूगोलात विलीन. प्रयोगशाळेच्या दोन खोल्या भूगोलवाले आत्ताच टेप लावून मोजून गेले. रुबीना, विभाग मिटला तरी माझी नोकरी राहील. पण एकवीस वर्षं जे शिकवलं, ते शिकवणारी मी राहणार नाही. मला भीती वाटते, हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

दोनदा जाहिरात दिली. चाळून चाळून दोन नावं उरली. एक डॉ. घनश्याम नेवासकर. दोन ठिकाणी विभागप्रमुख होते, बोलायला गोड, आज बोलावलं तर उद्या हजर. दुसरे डॉ. धम्मरत्न मुनेश्वर. भूजलावरचे त्यांचे शोधनिबंध वाचताना माझा चहा गार झाला. पण पाच वर्षांपूर्वी या गृहस्थांनी हैदराबादच्या संस्थेतली पक्की नोकरी सोडली आणि तेव्हापासून ते तुमच्या जिल्ह्यात, मारेगावजवळच्या चिंचझरी गावात, एका लहानशा पाणी प्रकल्पावर आहेत. का सोडली, ते अर्जात नाही. शोध समितीला तेच खुपतंय. भांडून निघाले? काही भानगड? माणसं सांभाळता येतात का?

तुझी नणंद रौशन मारेगावलाच असते ना? एकदा जाऊन ये. स्वभाव कसा, लोकांशी वागणं कसं, सवयी काय, टिकून राहणारा आहे का, एवढंच विचार. पण कशासाठी विचारतेस ते कुणालाही सांगू नकोस. प्रक्रिया गोपनीय आहे. मी असं परभारे विचारणं नियमात कितपत बसतं, ते मी स्वतःलाही विचारलेलं नाही.

तुझी
अर्पिता

•

कळंब
२३ फेब्रुवारी २०२५

प्रिय अर्पिता,

तुझं पत्र ऐकून जीशान म्हणाला, "शाळेत शिकवून शिकवून माझी बायको आता सीआयडीत लागली काय?" तो गॅरेजमधून काळे हात घेऊन आला होता, म्हणून पत्र त्याच्या हातात दिलं नाही, वाचून दाखवलं. गोपनीयतेचा भंग तेवढा एकच.

रविवारी राळेगाव, वडकी करत मारेगाव गाठलं. रौशनला घेतलं आणि ऑटोने चिंचझरी. तुझे डॉक्टर भेटले नाहीत, कामाने वणीला गेले होते. पण त्यांची घरमालकीण बेबीताई भेटली. साठीची बाई, नऊ एकर कपाशी आणि तूर एकटी बघते, आवाज असा की बांधावरून बांधावर जावा. मी म्हटलं, "साताऱ्याच्या एका मैत्रिणीने डॉक्टरसाहेबांची जरा माहिती विचारली आहे." एवढंच, आणखी एक शब्द नाही.

अर्पे, काय ते आदरातिथ्य! आम्हाला पलंगावर नवी चादर घालून बसवलं. पोहे आले, मग कोथिंबिरीची गरम सांबारवडी आली, मग चहा. शेजारच्या दोन बायका डोक्यावर पदर घेऊन दाराशी येऊन उभ्या राहिल्या आणि माझ्याकडे बघून हसत होत्या. आपल्याकडे शिकलेल्या बाईला अजून एवढा मान आहे, हे बघून मला भरून आलं.

आता माहिती. तिचेच शब्द देते. "पोरगा म्हणजे सोनं आहे बाई. कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. भांडण म्हणून त्याले ठाऊक नाही. आवाज चढवत नाही. सांजच्याला घरी आला का आला, मंग बाहेर पाय टाकत नाही. पान नाही, खर्रा नाही. मोठ्याईनं जे सांगतलं, ते खाली मान घालून आयकते." दाराशी उभ्या बायकांनी माना डोलावल्या. हैदराबादची नोकरी का सोडली विचारलं, तर म्हणे, "मायच्या मातीची ओढ, दुसरं काय? उमरखेडचा नं तो."

मग तिने तुझी चौकशी केली. वय काय, कोण कोण असतं घरी, पगार कोणाच्या हातात देते. खेड्यातल्या बायका चौकस असतात. मी मोघम उत्तरं दिली. निघताना मला ब्लाउजपीस दिला, रौशनलाही.

थोडक्यात, माणूस निर्मळ, शांत, घरगुती. मला तर बाई पसंत आहे.

तुझी
रुबीना

•

सातारा
४ मार्च २०२५

प्रिय रुबीना,

तुझे मनापासून आभार, आणि पत्र वाचून मी तितकीच निराश झाले, तेही सांगून टाकते.

घरगुती माणूस मी काय करू? मला रजिस्ट्रारच्या टेबलासमोर ठाण मांडून बसणारा हवा. "या खोल्या आमच्या आहेत" असं भूगोलवाल्यांना तोंडावर सांगणारा हवा. भूविज्ञानाचा प्रमुख ऊन-पावसात मुलांना घेऊन टेकड्या तुडवतो. हे संध्याकाळी घरातून पाय बाहेर टाकत नाहीत. मोठ्यांनी सांगितलेलं खाली मान घालून ऐकणारा माणूस कुलगुरूंसमोर बसवला, तर विलीनीकरणाच्या कागदावर पहिली सही त्याचीच होईल. काल समितीच्या अध्यक्षांना मी तसं सांगितलंही, तोंडी. आता नेवासकरांचं पारडं जड आहे. ते गोड बोलतात ते मला आवडत नाही, पण निदान बोलतात तरी.

एक मात्र डोक्यातून जात नाही. मुनेश्वरांच्या शेवटच्या निबंधात मारेगाव आणि झरी भागातल्या कितीतरी गावांच्या विहिरी आणि हापशांचं पाणी तपासलेलं आहे, तेही तीनही ऋतूंत. घरी बसून हे कसं झालं? मग पायपीट कुणी केली? दुसऱ्याचं काम स्वतःच्या नावावर घालणारे लोक मी पाहिले आहेत. तसं असेल तर विषय संपला. पण तसं नसेल तर तुझी बेबीताई काय सांगत होती?

परत जाशील? तुझे रोजे सुरू झाले आहेत, मला कळतं. तरी विचारते.

अर्पिता

•

कळंब
२५ मार्च २०२५

अर्पिता,

आधी बस. चहा बाजूला ठेव, नाहीतर अंगावर सांडशील.

तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात रौशनचा फोन. म्हणाली, "भाभी, चिंचझरीहून बेबीताईचा दुसऱ्यांदा निरोप आला. पोरीवाल्यांचं काय ठरलं, विचारून राह्यली." मी म्हटलं, "कोणती पोरगी?" रौशन म्हणाली, "तुमची साताऱ्याची मैत्रीण!"

मला कळायला अर्धं मिनिट लागलं. मग मी शाळेच्या वऱ्हांड्यात एवढी हसले की हेडमास्तर बाहेर आले. अगं, आपल्या भागात दोन बायका भरदुपारी चांगल्या साड्या नेसून गावात येतात, पंचेचाळिशीच्या बिनलग्नाच्या माणसाचा स्वभाव विचारतात, सवयी विचारतात, आणि कशासाठी ते काही केल्या सांगत नाहीत. त्याला दुसरं नाव आहे का? माझं लग्न ठरवताना माझ्या अम्मीने आमच्या जीशानची चौकशी अगदी याच शब्दांत केली होती. तेव्हा शेजारणीने त्याला "गरीब गाय" म्हटलं होतं आणि लग्नानंतर महिनाभरात त्याने बॅट घेऊन अख्खी गल्ली दणाणून सोडली. आणि मी, चौथीपासून दहावीपर्यंत विज्ञान शिकवणारी, सांबारवडी खाऊन आले आणि म्हणाले आदरातिथ्य!

तेव्हा तू लिहिलेलं गोपनीय-बिपनीय मी बाजूला ठेवलं आणि परत गेले. बेबीताईला खरं ते सांगितलं: लग्न नाही, नोकरी आहे. साताऱ्याला मोठ्या विभागाचा प्रमुख म्हणून बोलवायचा विचार आहे.

पलंगावरची चादर काढून घेतली. पाणीसुद्धा विचारलं नाही. माझा रोजा होता, म्हणून तेवढं चाललं.

"कायले नेता त्याले?" ती अशी ओरडली की बैल वळून बघायला लागले. "बिलकुल कामाचा नाही तो! भांडखोर आहे एक नंबरचा. आमच्या देवळापुढची हापशी बंद केली त्यानं. पेऊ नका म्हणून लाल रंग मारला. वीस वर्षं आमी तिचं पाणी पेलो! अख्ख्या गावानं नाही म्हटलं तरी आयकलं नाही. तहसीलात जाऊन टेबल बडवला. पंचायतीत सरपंचाले सगळ्याईसमोर बोलला. दोन महिने चक्कीवाल्यानं त्याचं पीठ दळलं नाही, कोणी बोललं नाही त्याच्याशी. तरी गेला नाही, बेशरम! पहाटे निघते तं रात्र पडल्यावर येते. एक दिवस टाइमावर जेवला नाही. मोठ्याचं तं काहीच आयकत नाही. असा माणूस पायजे का तुमाले?"

मी म्हटलं, "आणि तुम्ही? तुम्ही तेव्हा काय केलं?"

मग खालच्या आवाजात म्हणाली, "मी खोली देल्ली. त्या हापशीच्या पाण्यानं माह्ये गुडघे गेले, बाई. जमनीच्या दोन्ही पोट्ट्याईचे दात पिवळे झाले. फ्लोराइड म्हणतात त्याले. आमाले वाटे देवाची मर्जी."

जमनी म्हणजे गावाच्या टोकाला, कोलामांच्या पाड्यावर, म्हणजे पोडावर, राहणारी. तिच्या घरापर्यंत नळ नेण्यासाठी तुझे डॉक्टर गेली दोन वर्षं झटताहेत. वरच्या अंगाला चांगल्या पाण्याची जागा त्यांनीच शोधली. टाकी झाली, पाइप अर्धा पडला.

आणि ते स्वतः भेटले! मोटरसायकलवरून आले, केसांत पांढरी माती. मला बघून हात जोडले आणि म्हणाले, "तुम्हीच का त्या स्थळवाल्या? महिनाभर गावाने मला जगू दिलं नाही." मी नोकरीचं विचारलं. म्हणाले, "हैदराबादला मी अहवाल लिहायचो. चांगले लिहायचो. पण अहवाल वाचून कुणी एकही हापशी बंद केली नाही. म्हटलं, एकदा जाऊन बघू, काय अडतं ते."

आता तू ठरव. आधी त्याला उजवायचं होतं म्हणून ती गोड बोलली. नंतर त्याला सोडायचं नव्हतं म्हणून नावं ठेवली. मला विचारशील तर दुसरी बेबीताई जे रागात बोलली, ते सगळं खरं आहे.

तुझी
रुबीना

•

सातारा
१९ एप्रिल २०२५

प्रिय रुबीना,

तुझं पत्र मी समितीच्या बैठकीत घेऊन गेले. अध्यक्षांना म्हटलं, "मी चुकीची माहिती दिली होती, ती दुरुस्त करायची आहे." मग सगळं सांगितलं, चादर आणि सांबारवडीसकट. पाच प्राध्यापक आणि मी, सगळे पोट धरून हसलो. माझे कान मात्र लाल झाले होते. हसणं थांबल्यावर अध्यक्ष म्हणाले, "म्हणजे दोन महिने पीठ दळून मिळालं नाही, तरी माणूस हलला नाही?" आणि मुलाखतीचं पत्र गेलं.

बुधवारी मुलाखत झाली. नेवासकर सुंदर बोलले. पाच वर्षांचा आराखडा, रंगीत चित्रं, सगळं होतं. मुनेश्वर एसटीने आले, शर्ट चुरगळलेला. त्यांना विचारलं, विभागासाठी काय कराल? म्हणाले, "मुलांना एक गाव देईन. तीन वर्षं तेच गाव. दगडापासून नळापर्यंत." कुलगुरूंनी विचारलं, लोकांना नको असलेला निर्णय घ्यावा लागला तर? ते म्हणाले, "घेतो. आणि नंतर तिथेच राहतो. निघून गेलो, तर लोक बरोबर आणि मी चूक." मी खाली बघून लिहीत होते, पण काय लिहिलं ते आता वाचता येत नाही.

आणि मग सगळं अडलं. रुजू कधी होणार, यावर ते म्हणाले, "योजना गावाच्या ताब्यात गेल्यावर. शेवटच्या घरी पाणी आलं आणि गावच्या पाणी समितीने तसं लिहून दिलं की निघतो. त्याआधी नाही." कुलगुरू म्हणाले, सत्र तुमच्या पाइपलाइनसाठी थांबत नाही. पंधरा जुलै, त्याच्यापुढे एक दिवस नाही.

ते बाहेर गेल्यावर सगळे माझ्याकडे बघायला लागले. नेवासकरांना घेतलं तर विभाग वाचला, आजच. मुनेश्वरांसाठी थांबले आणि पाइप रखडला तर विभाग गेला, तोही माझ्या शब्दावर. आणि रुबीना, गंमत बघ. अर्धं काम टाकून येणारा माणूस मला नको होता, आणि म्हणूनच हा येऊ शकत नव्हता.

मी म्हटलं, थांबू.

कुलगुरू म्हणाले, जबाबदारी तुमची. मी हो म्हटलं. तेव्हापासून जेवण गोड लागत नाही. मी मूर्खपणा केला का? तू तरी खरं सांग, माझ्याकडून काही लपवू नकोस.

अर्पिता

•

कळंब
१६ जून २०२५

प्रिय अर्पिता,

मूर्खपणा केलास की नाही ते अजून ठरायचं आहे, म्हणून एवढे दिवस लिहिलं नाही. आज दोन बातम्या आहेत.

पहिली चांगली. पाणी आलं! गेल्या मंगळवारी जमनीच्या दारातल्या नळाला धार लागली. रौशनचा नवरा नजीर मोटार जोडायला गेला होता, त्याने डोळ्यांनी पाहिलं. जमनीने आधी हात धुतले, मग नळाला हळदकुंकू लावलं, मग डॉक्टरांना पहिला तांब्या भरून दिला. पाणी तपासून झालं आहे, चांगलं आहे.

दुसरी बातमी. पाणी समितीची अध्यक्ष कोण आहे, माहीत आहे? बेबीताई. आणि ती सही करत नाही.

आधी म्हणाली, टाकीच्या झाकणाला कुलूप नाही. नजीरने कुलूप लावलं. मग म्हणाली, शाळेजवळची तोटी गळते. ती बदलली. मग म्हणाली, सरकी लावायचे दिवस आहेत, मले सही करायले टाइम नाही. सही करायला टाइम नाही! अर्पे, या बाईने पोहे खाऊ घातले नसते तर मी तिला चांगलं सुनावलं असतं.

काल डॉक्टरांना फोन केला. म्हटलं, "तुम्ही एकदा बोला ना तिच्याशी. तुमचं ऐकेल." म्हणाले, "म्हणूनच बोलत नाही. मी बोललो तर माझ्या तोंडाकडे बघून सही करेल. गावाला योजना नीट वाटली पाहिजे, मग सही." मी चिडून फोन ठेवला. तुझा माणूस आणि ती बाई, दोघं एकाच मातीचे आहेत.

आता महिनाही उरला नाही. काय करू सांग.

रुबीना

•

सातारा
२४ जून २०२५

रुबीना,

काल भूगोलवाल्यांनी त्यांच्या नव्या पाटीचं माप घेतलं. "भूगोल व भूविज्ञान." आमचं नाव दुसरं. नेवासकरांनी दुसरीकडे नोकरी घेतली, म्हणजे तोही दरवाजा बंद.

पहिल्यांदा वाटलं, तुला लिहावं की त्या बाईला चांगलं झाड. मग दोन दिवस लिहिलं नाही, आणि बरं झालं. बेबीताईचा राग येत नाही मला. ज्याने आपल्या गावासाठी वाईटपणा घेतला, तो माणूस तिला हवा आहे. मलाही त्याच कारणासाठी हवा आहे. तिच्या जागी मी असते तर मलाही शाळेजवळची तोटी गळताना दिसली असती.

तेव्हा तिच्यावर दबाव आणू नकोस. तिला फसवूही नकोस, त्याच्यावरून आपण आधीच एवढं रामायण केलं आहे. जमलं तर एवढंच सांग की इथे काय आहे आणि काय जाणार आहे. मग तिने नाही म्हटलं, तर मी नाही ऐकेन.

अर्पिता

•

कळंब
५ जुलै २०२५

प्रिय अर्पिता,

गेले होते. काल.

बेबीताई शेतात होती, बायकांबरोबर डवरणी झालेल्या कपाशीत तण काढत. मी चपला हातात घेऊन चिखलातून तिच्यापर्यंत गेले. तिने बघितलं, बांधाकडे हात केला आणि परत खाली वाकली. म्हणाली, "सहीसाठी आली असशीन तं धुऱ्यावरूनच वापस जाय."

मी म्हटलं, "सहीसाठी नाही आले. माझ्या मैत्रिणीबद्दल सांगायला आले. पहिल्या खेपेला तुम्ही तिच्याबद्दल विचारलं आणि मी काहीच धड सांगितलं नाही."

मग तिच्या बाजूची ओळ धरून मीही वाकले. इतक्या वर्षांत शेतात वाकले नव्हते, कंबर अजून धरली आहे. वाकून वाकून तुझं सगळं सांगितलं. एकवीस वर्षं, दोन खोल्या, पाटीचं माप. ती तण उपटत राहिली. ओळ संपली तेव्हा कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"शिकवते काय तिथं तुही मैत्रीण?"

"दगड, माती, जमिनीखालचं पाणी."

"म्हणजे पाण्यात काय वाईट आहे, ते पोट्ट्याईले ओळखता येते?"

"येतं. पोरीच जास्त आहेत वर्गात. वर्षाला वीसेक शिकून निघतात."

"आन् हा नाही गेला तं?"

"तर यंदापासून कुणीच नाही."

तिने वरच्या टाकीकडे बघितलं. मग म्हणाली, "आमच्या मांगं अजून लय गावं आहेत बाई. तिथंबी हापश्या आहेत. लाल रंग मारायले तिथं कोण जाईन? हा एकटा किती जागी जाईन?"

मी हातातलं तण बांधावर टाकलं आणि तिच्यामागे चालू लागले.

घरी आलो. तिने हात धुतले, पदराला पुसले. कागद देव्हाऱ्याखाली घडी घालून ठेवलेला होता. पलंगावर बसून तिने एकेक अक्षर दाबून सही केली, पूर्ण नावाची, सासऱ्याच्या नावासकट. मग कागद माझ्या हातात दिला आणि सोडला नाही. दुसरं टोक धरूनच म्हणाली, "तुह्या मैत्रिणीले लिहून पाठव. मी एक देऊन राह्यली. तिच्या वीसातला एक मले पायजे. इथं येऊन राह्यला पायजे, पावना म्हणून नाही."

मी हो म्हटलं. तुला न विचारता म्हटलं. तेव्हा तिने कागद सोडला.

डॉक्टर बाराला निघतील. बेबीताईने मला सांगितलं की तो जाईल त्या दिवशी ती वणीला बाजाराला जाणार आहे, घरी थांबणार नाही. तिचा आवाज तेव्हा बांधापलीकडेसुद्धा गेला नसता.

तुझी
रुबीना

•

सातारा
२८ जुलै २०२५

प्रिय रुबीना,

चौदा तारखेला सकाळी ते रुजू झाले. दुपारी रजिस्ट्रारकडे जाऊन बसले ते संध्याकाळीच उठले. दोन्ही खोल्या आमच्याकडे राहिल्या. भूगोलाचे लोक आता प्लायवुडपलीकडे हळू बोलतात. मी त्या दिवशी घरी येऊन जेवले, आणि भात दुसऱ्यांदा वाढून घेतला, तेव्हा माझ्या लक्षात आलं की तीन महिने मला भूकच नव्हती.

शनिवारी नव्या वर्गाला हापशी बंद केली तिथपासून बेबीताईने खोली दिली तिथपर्यंत सगळं सांगितलं आणि तुझं पाच जुलैचं पत्र वाचून दाखवलं. मुनेश्वर मागच्या बाकावर बसले होते. मध्येच उठून खिडकीशी गेले आणि पाठ करून उभे राहिले. वाचून झाल्यावर मी मुलांना विचारलं, पदवी झाल्यावर कोण जाईल? कुणीच हात वर केला नाही. मला वाईट वाटलं, पण राग आला नाही. आपण दोघी विशीत होतो तेव्हा आपण तरी केला असता का?

तास संपला. सगळे गेले. कोरेगावकडची एक मुलगी दप्तर आवरत मागे रेंगाळली. पहिल्या दिवसापासून एक शब्द न बोललेली. दाराशी जाऊन परत वळली आणि विचारलं, "मॅडम, त्या ताईंकडची ती खोली आता रिकामी आहे का?"

अर्पिता